फलकावरचे नाव आणि हिशेबाची तारीख

१९४९ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनबाहेरच्या फलकावर पाहुण्या संघाचे, मिनियापोलिस लेकर्सचे, नावच नव्हते. ‘जॉर्ज मायकन विरुद्ध निक्स’ एवढेच. सहकाऱ्यांनी म्हणे कपडे बदलायलाच नकार दिला. जा, एकटाच खेळ! थट्टाच ती. पण अमेरिकेतले व्यावसायिक बास्केटबॉल तेव्हा कोणाच्या नावावर तिकिटे विकत होते, हे तिच्यातून कळते.

सहा फूट दहा इंच उंची आणि डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. इलिनॉयमधल्या जोलिएटचा हा पोरगा डीपॉल विद्यापीठात आला तेव्हा पुरता अवघडलेला होता. प्रशिक्षक रे मायर यांनी त्याला दोरीच्या उड्या मारायला लावल्या, चक्क नाचही शिकायला पाठवले. पुढे लेकर्ससाठी सात हंगामांत सहा विजेतेपदे. बास्केटखाली त्याला कोणी आवरू शकेना, म्हणून १९५१ मध्ये तिथला पट्टा सहा फुटांवरून बारा फूट रुंद करण्यात आला. नोव्हेंबर १९५० मध्ये फोर्ट वेन पिस्टन्सने त्याच्या हाती चेंडूच जाऊ नये म्हणून सामनाभर तो नुसता धरून ठेवला. निकाल १९-१८. लेकर्सच्या अठरांपैकी पंधरा गुण मायकनचे! असल्या रटाळ सामन्यांना कंटाळूनच १९५४ मध्ये चोवीस सेकंदांचे घड्याळ आले. त्याच वर्षी तो निवृत्त झाला. नंतर जेमतेम अर्धा हंगाम परतला, तेवढेच.

एनबीएची निवृत्तिवेतन योजना आली १९६५ मध्ये. त्याआधी खेळ सोडलेल्यांच्या वाट्याला पुढे जे आले, ते तुटपुंजे. बँकेत हयात घालवलेल्या माणसाला अशी तारीख दिसली की तिच्यामागचा हिशेब लगेच कळतो. जुनी माणसे मोजकी, दरवर्षी आणखी कमी होणारी. नुसते थांबले तरी बोजा हलका होतो. त्यांना पुरते सामावून घेतल्याने कोट्यवधींचे करार करणारी ही लीग बुडाली नसती. मायकनला महिन्याला सुमारे १,७०० डॉलर मिळत. मधुमेहाने पाय गेला, डायलिसिस सुरू झाले, तरी जुन्या खेळाडूंच्या निवृत्तिवेतनासाठी तो भांडत राहिला.

१ जून २००५ रोजी, ऐंशीव्या वर्षी, तो गेला. अंत्यसंस्काराचा खर्च शॅकिल ओनील या मायामीकडून खेळणाऱ्या, पूर्वीच्या लेकर्स खेळाडूने उचलला.