लाज आणि इलाज



माधवनगरच्या आमच्या मोहल्ल्यातल्या एक खाला परवा हळूच म्हणाल्या, "बेटी, महिना झाला, नमाज सुटलीय." वर्षात चौथ्यांदा त्यांच्या अंगावर पांढरे जात होते. खाज, जळजळ होतीच. दर वेळी शेजारणीकडची ट्यूब लावायची आणि खाज थांबली की सोडून द्यायची. डॉक्टरांकडे जायची लाज!

पहिली गोष्ट, हा स्राव म्हणजे हैज नव्हे. नमाज माफ होत नाही. कपडा धुवा, वुजू करा. स्राव सतत असेल तर जाणत्या आलिमांना मसला विचारा.

दुसरी गोष्ट आजाराची. चारपैकी तीन स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो. कॅन्डिडा ही बुरशी शरीरात असतेच. अँटिबायोटिक गोळ्या, गरोदरपण किंवा वाढलेली शुगर यांमुळे ती जोर धरते. स्राव दह्याच्या गाठींसारखा असतो. घाण वास किंवा हिरवट रंग असेल तर आजार दुसरा, औषधही दुसरे.

अशा बुरशीवरचे एक औषध, हॅमायसिन, आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखान्यात तिथल्याच मातीतल्या जिवाणूपासून शोधले गेले. आज डॉक्टर बहुधा क्लोट्रिमाझोल किंवा फ्लुकोनाझोलची १५० मिलिग्रॅमची एक गोळी देतात. साध्या त्रासात बहुतेकींना तेवढ्याने आराम पडतो. गरोदर असाल तर मात्र ही गोळी मनाने घेऊ नका.

त्रास वर्षात तीन-चार वेळा उलटला तर स्राव तपासून घ्यावा. कॅन्डिडा ग्लाब्राटासारखी बुरशी फ्लुकोनाझोलला सहज दाद देत नाही. काहींना आठवड्याला एक अशी सहा महिने गोळी घ्यावी लागते. ट्यूबमध्ये स्टेरॉइड असेल तर खाज दबते, पण बुरशी वाढू शकते. तहारतसाठी साधे पाणी पुरे. आत साबण, डेटॉल नको.

खालांना आम्ही सांगलीच्या सिव्हिलमध्ये नेले. रक्त तपासले तेव्हा शुगर निघाली. नुसत्या ट्यूबने तो त्रास थांबणार कसा?

हजरत आयेशा (रजि.) यांनी अन्सारी स्त्रियांची तारीफ केली, ती दीन समजून घेताना लाज त्यांच्या आड आली नाही म्हणून. मग इलाज विचारताना ती आपल्या आड का यावी?