तयार मिळतं तर करायचं कशाला?

हे वाक्य गेल्या चार महिन्यांत मी इतक्या तोंडून ऐकलं आहे की आता त्याचा समाचार घेतल्याशिवाय राहवत नाही. बोलणारी बहुतेक मंडळी घरचीच आहेत आणि हा ब्लॉग वाचतात. वाचू देत.

विषय आमच्या नातवाचा, म्हणजे लेकीच्या मुलाचा. पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ह्यांच्या २०१४ सालच्या गाडीसाठी तो एक यंत्र बनवतोय. इंजिनाचं तापमान, फेरे, बॅटरीचे व्होल्ट हे सगळं गाडी चालू असताना लिहून ठेवणारं. त्यासाठी लागणारं सर्किट बोर्ड त्याने स्वतः आखलं. यावर जावईबापू म्हणाले, "असलं यंत्र तीन-चारशे रुपयांत घरपोच येतं, त्यापेक्षा परीक्षेचा अभ्यास कर." आमच्या वन्सं म्हणाल्या, "त्या तारा-बिरांचा नाद बरा नव्हे, गाडी पेटायची."

आधी तीनशे रुपयांचं बघू. बाजारातली ती स्वस्त यंत्रं बहुतेक ईएलएम३२७ नावाच्या कॅनडातल्या एका चिपच्या नकला आहेत. मूळ कंपनी २०२२ साली बंद झाली, नकला मात्र चालूच आहेत. स्टिअरिंगखाली सोळा खाचांची एक खोबण असते, तिथे हे यंत्र खोचायचं. त्यातली सोळावी खाच थेट बॅटरीला जोडलेली, किल्ली काढली तरी तिथे वीज असतेच. नातवाने तयार यंत्र आणून मोजलं, तर गाडी बंद असताना ते पन्नास मिलिअँपिअर खात होतं. दिवसाचे झाले सव्वा अँपिअर-तासाच्या आसपास, महिन्याचे छत्तीस. आमच्या गाडीची बॅटरी पस्तिसाची! आमची गाडी पंधरा-पंधरा दिवस जागची हलत नाही. म्हणजे स्वस्तात आणलेल्या यंत्रापायी बॅटरी घालवायची. तयार वस्तू कोणासाठी तयार केलेली असते, हे कोणी विचारतच नाही.

आता बोर्डाविषयी. मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेली, मराठी आणि इतिहास शिकवलेली बाई, मला काय कळणार असं वाटत असेल. पण पोराशेजारी बसून ऐकलं तर पुष्कळ कळतं. गाडीची वीज बारा व्होल्टची असं आपण म्हणतो, पण इंजिन चालू असलं की ती चौदाच्या घरात जाते, स्टार्टर मारताना सहा-सात पर्यंत कोसळते, आणि अल्टरनेटर चालू असताना बॅटरीची तार सुटलीच तर क्षणभर कित्येक पट उसळते. आतल्या नाजूक चिपला हवेत जेमतेम सव्वातीन व्होल्ट. म्हणून दारातच फ्यूज, मग उसळी गिळणारा डायोड, मग व्होल्ट उतरवणारा भाग. वन्सं, गाडी पेटू नये म्हणून काय काय करायचं हे पोराला शिकावंच लागलं आहे. तीनशेच्या यंत्रात त्यातलं काय आहे आणि काय वगळलं आहे, ते तुम्ही उघडून पाहिलंय?

निरोप जातो तो सहाव्या आणि चौदाव्या खाचेतल्या दोन तारांवरून. या पद्धतीला कॅन म्हणतात, बॉश कंपनीने १९८६ साली जगापुढे आणली. दोन्ही तारा एकमेकींना पिळलेल्या. बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखाच येतो, आणि वाचायचा असतो तो फक्त दोघींमधला फरक, त्यामुळे गोंगाट आपोआप वजा होतो. (हे मला फार आवडलं.) या तारांच्या दोन टोकांना १२०-१२० ओहमचे रेझिस्टर असतात. पुस्तकात बघून पोराने आपल्या पहिल्या बोर्डावरही एक लावला. गाडीत मोजलं तर साठच्या जागी चाळीस! टोकं दोनच असतात, हा मधेच घुसलेला तिसरा. बोर्डावरून तो उपटला, दुसऱ्या बोर्डावर त्याला जागाच ठेवली नाही. हा धडा त्याला मार्कांसाठी कुणी शिकवला नव्हता.

गाडीचं उत्तर सोळाच्या अंकगणितात येतं. तापमान विचारलं तर म्हणते "सात-बी". बी म्हणजे अकरा. पोरगा समजावायला लागला, म्हटलं थांब, हे आम्ही जन्मापासून जाणतो. सात रुपये अकरा आणे म्हणजे किती आणे? एकशे तेवीस. त्यातून चाळीस वजा करायचे, तापमान त्र्याऐंशी अंश. झालं!

हा उद्योग मुळात सुरू झाला तो घाटातल्या गर्दीत काटा वर चढायचा म्हणून. सर्व्हिस सेंटरमध्ये दोनदा लॅपटॉप लावला, दोनदा पैसे घेतले, "काही एरर नाही, आजी" म्हणून बोळवण केली. आकडे दाखवा म्हटलं तर तसं दाखवत नाहीत म्हणे. पोराच्या नोंदीत दिसलं, की गाडी उभी राहिली की तापमान चढतं, धावू लागली की उतरतं. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने तो आलेख बघून लगेच पंख्याचा रिले बदलला.

"कंपनीचे लोक काय मूर्ख आहेत का?" हा दुसरा आवडता प्रश्न. मूर्ख नसतात, म्हणूनच मोजायचं. फोक्सवॅगनने जगभरातल्या एक कोटी दहा लाख डिझेल गाड्यांत, तपासणी चालू आहे हे ओळखून धूर कमी दाखवणारं सॉफ्टवेअर घातलं होतं. ते २०१५ साली उघडकीला आलं, कारण अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या लहानशा चमूने त्यांच्या गाड्या रस्त्यावर चालवून धूर मोजला होता. त्या चमूत आपल्याकडून गेलेले अरविंद तिरुवेंगडम होते. त्यांनाही कोणी म्हटलं असेल, तयार आकडे आहेत की, परत मोजता कशाला?

आणि ती खोबण कंपनीने मेहेरबानी म्हणून दिलेली नाही. प्रदूषणावर नजर राहावी म्हणून अमेरिकेत १९९६ पासून कायद्याने आली, आपल्याकडे २०१० आणि २०१३ मध्ये टप्प्याटप्प्याने. गाडी माझी, पैसे माझे, धूर माझ्या नाकात. तिच्या तब्येतीचा आकडा मात्र मला विचारायचा नाही? पोराचं यंत्र फक्त विचारतं, गाडीला काही बदलायला सांगत नाही. ब्रेक आणि एअरबॅगच्या वाटेला जायचं नाही, ही अट मीच घातली आहे.

शाळेत कार्यानुभवाच्या तासाला आम्ही मुलांकडून पाकिटं आणि खडू करून घेत असू. तेव्हाही काही पालक यायचे, पाकिटं बाजारात मिळतात म्हणायला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला तेव्हा विलायती नांगर आयात होतच होते, वर लोखंडाने जमीन नासते असंही शेतकरी म्हणत. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं गेली म्हणतात. त्यांच्या घरी कुणी परीक्षेचा अभ्यास कर म्हणालं असेल का? असो.

खर्चाबद्दल विचारणाऱ्यांसाठी: बोर्डं पाचच्या पटीत मागवावी लागतात, आखायचं सॉफ्टवेअर किकॅड फुकट आहे, आणि आतापर्यंतचा सगळा खर्च माझ्या पेन्शनमधून झाला आहे. दुसरं बोर्ड गाडी बंद असताना चार मिलिअँपिअर घेतं. त्याला ते एकच्या खाली आणायचं आहे, म्हणून तिसऱ्याची मागणी काल गेली. जावईबापू, बोर्डं यायला पंधरा दिवस लागतील. तेवढे दिवस तो अभ्यासच करणार आहे.