विश्रांतीची मजुरी कोण देणार?

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची कन्या भौतिकोपचाराच्या, म्हणजेच फिजिओथेरपीच्या, शिक्षणाकडे वळते आहे. प्रवेशापूर्वी हा व्यवसाय जवळून पाहावा म्हणून गेल्या पावसाळ्यात ती गडचिरोली जिल्ह्यातील एका भौतिकोपचारतज्ज्ञ बाईंबरोबर तीन आठवडे सावलीसारखी वावरली. पाहायचे, ऐकायचे आणि वहीत टिपायचे, एवढेच तिचे काम. परतल्यावर तिने ती वही मला वाचावयास दिली. अर्थशास्त्र शिकविण्यात हयात घालविलेल्या मला त्या वहीने जो धडा दिला, तो कार्यकर्त्यांपुढे ठेवणे अगत्याचे वाटते.

पहिल्या पानांवर स्नायूंची आणि सांध्यांची नावे आहेत. दुसऱ्या आठवड्यापासून तेथे मजुरीचे आकडे दिसू लागतात. भाताच्या रोवणीत दिवसभर चिखलात वाकून कंबर धरलेली एक बाई आली. दहा दिवस येऊन व्यायाम शिकावा, तोवर वाकू नये, असा सल्ला तिला मिळाला. “वाकलो नाही तर रोवणा कसा होईल, माय?” एवढेच ती म्हणाली आणि पुन्हा आली नाही. मुलीने तिच्या नावापुढे प्रथम ‘अनियमित’ असा शेरा लिहिला होता. नंतर तो खोडून ‘रोवणीचे दिवस’ असे लिहिले. त्या खोडण्यातच तिचे खरे शिक्षण सुरू झाले, असे मी मानतो.

हिशेब सरळ आहे. गोळी घेऊन मजूर कामावर जाऊ शकतो. व्यायामोपचार मात्र त्याचा वेळ मागतो. दहा फेऱ्या म्हणजे दहा दिवसांचा रोज आणि वर एसटीचे भाडे. उपचार फुकट असला तरी तो असा महाग पडतो. शिवाय तेंदूपत्त्याचा मे महिना काय किंवा रोवणीचा आषाढ-श्रावण काय, शरीर सर्वाधिक झिजते तोच हंगाम कमाईचा असतो.

शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील कोळसा खाणींत कायम कामगाराला आजारपणाची पगारी रजा मिळते. ती संघटनेच्या बळावर मिळाली आहे. रोवणीच्या मजुरणीमागे असे बळ नाही. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याने कामावर इजा होऊन रुग्णालयात दाखल झालेल्या मजुरास निदान निम्म्या मजुरीइतका भत्ता देऊ केला होता. परंतु वर्षानुवर्षे वाकून झिजलेला कणा हा अपघात ठरत नाही, आणि कंबरदुखीसाठी सहसा कोणी दाखल करून घेत नाही.

वरोऱ्याजवळ १९४९ साली बाबा आमटे यांनी स्थापिलेल्या आनंदवनाने उपचार आणि श्रम यांची फारकत होऊ दिली नाही. त्याच न्यायाने तीन मागण्या आपण लावून धरल्या पाहिजेत. भौतिकोपचारतज्ज्ञाने आठवडी बाजाराच्या दिवशी बाजाराच्या गावी बसावे. उपचाराच्या दिवसांचा निम्मा रोज शासनाने द्यावा. आणि या विद्येच्या प्रत्येक विद्यार्थ्याने आरंभीच एक हंगाम खेड्यात काढावा.

यावर तिजोरीवरील भाराची सबब पुढे येईल. तो भार आजही आहेच. फक्त तो त्या बाईच्या कमरेवर आहे, म्हणून अंदाजपत्रकात दिसत नाही.