नामवंत विद्यापीठांची यादी आणि आपली मुलं

बारावीचा निकाल लागला की गिरीज-पापडीपासून सोपाऱ्यापर्यंत घराघरांत एकच चर्चा असते, चांगलं कॉलेज कोणतं? कुणी नॅकचा दर्जा बघायला सांगतो, कुणी एनआयआरएफचा नंबर, तर कुणाला क्यूएस रँकिंग तोंडपाठ असतं. पण या याद्या ठरतात कशा, त्यात नाव आल्यावर संस्थेला काय मिळतं आणि आपल्या मुलांच्या वाट्याला त्यातलं काय येतं, याचा विचार मिल्लतमध्ये फारसा होत नाही. तो व्हायला हवा, कारण उच्च शिक्षणातला पैसा आता या याद्या पाहूनच वाटला जातो.

आधी अमेरिकेकडे बघू. तिथं १९०० साली १४ विद्यापीठांनी मिळून ‘असोसिएशन ऑफ अमेरिकन युनिव्हर्सिटीज’ ही संघटना काढली. २०२३ मध्ये तिची सदस्यसंख्या ७१ झाली, त्यात दोन कॅनडाची. इथं अर्ज करून सदस्य होता येत नाही, बोलावणं यावं लागतं. संशोधनावर किती खर्च होतो, प्राध्यापकांच्या कामाला किती मान आहे, हे सगळं तपासलं जातं. एकदा आत गेलं म्हणजे कायमचं, असंही नाही. १९०९ पासून सदस्य असलेल्या नेब्रास्का विद्यापीठाला २०११ मध्ये मतदान घेऊन बाहेर काढलं. उलट २०२३ मध्ये सहा नवी विद्यापीठं घेतली, त्यात अॅरिझोना स्टेटसारखं हजारो सामान्य घरांतल्या मुलांना शिकवणारं सरकारी विद्यापीठही आहे. या संघटनेत निम्म्याहून अधिक सदस्य सरकारी विद्यापीठं आहेत. ब्रिटनमध्ये १९९४ पासून ‘रसेल ग्रुप’ आहे, त्याची २४ विद्यापीठं.

आपल्याकडे असा संघ विद्यापीठांनी स्वतः उभा केला नाही. यादी सरकारनं केली. २०१७ मध्ये ‘इन्स्टिट्यूशन ऑफ एमिनन्स’ म्हणजे प्रतिष्ठित संस्थांची योजना आली. दहा सरकारी आणि दहा खासगी संस्था निवडायच्या, त्यांना जास्त स्वायत्तता द्यायची आणि सरकारी संस्थांना प्रत्येकी १,००० कोटी रुपयांपर्यंत निधी द्यायचा, असं ठरलं. जुलै २०१८ मध्ये पहिली सहा नावं जाहीर झाली. महाराष्ट्रातून दोन होती, पवईची आयआयटी मुंबई आणि जिओ इन्स्टिट्यूट. जिओचा कॅम्पस तेव्हा उभाही राहिला नव्हता, त्यामुळे देशभर टीका झाली. तिला तेव्हा फक्त इरादापत्र मिळालं होतं. पुढे अंतिम दर्जा मिळाला तो १२ संस्थांना, आठ सरकारी आणि चार खासगी. दिल्लीच्या जामिया हमदर्दलाही २०१९ मध्ये इरादापत्र जाहीर झालं होतं, पण या बारांत तिचं नाव नाही.

आता खरी गोष्ट बघा. त्या आठ सरकारी संस्थांमध्ये एकही राज्य विद्यापीठ नाही. सगळ्या केंद्राच्या. कोलकात्याचं जादवपूर आणि चेन्नईचं अण्णा विद्यापीठ शिफारशीपर्यंत पोहोचली होती. पण खर्चाचा वाटा उचलण्याची हमी राज्य सरकारांकडे मागितली गेली आणि गाडी तिथंच अडली. तामिळनाडूनं तर आपल्या ६९ टक्के आरक्षणाचं काय होणार, ही शंका घेऊन २०२० मध्ये नकार कळवला.

याचा आपल्याशी संबंध काय? वसई-विरारची कॉलेजं मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. १८५७ साली स्थापन झालेलं हे विद्यापीठ शेकडो कॉलेजांचं ओझं घेऊन परीक्षा आणि निकाल यांतच दमून जातं. देशातली बहुसंख्य मुलं अशाच राज्य विद्यापीठांत शिकतात. मुस्लिम मुलं तर बहुतेक इथंच. म्हणजे हजार कोटींची यादी एकीकडे आणि आपली मुलं दुसरीकडे. गिरीजहून पवईला पोहोचायला लोकल आणि बस धरून दोनेक तास लागतात, पण शैक्षणिक अंतर त्याहून कितीतरी जास्त आहे.

आकडे हेच सांगतात. सच्चर समितीनं २००६ मध्ये नोंदवलं होतं की देशातल्या नामांकित कॉलेजांत पदवीच्या २५ विद्यार्थ्यांमागे एक मुस्लिम आहे आणि पदव्युत्तरला ५० मागे एक. २०११ च्या जनगणनेत आपली लोकसंख्या १४.२ टक्के होती. केंद्राच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात २०२०-२१ साली एकूण प्रवेशांत मुस्लिमांचा वाटा फक्त ४.६ टक्के निघाला. आदल्या वर्षीपेक्षा संख्याही घटली होती.

आणि नेमक्या याच काळात मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप बंद झाली. २००९ मध्ये सुरू झालेली ही फेलोशिप अल्पसंख्याक समाजातल्या एमफिल-पीएचडी करणाऱ्यांसाठी होती. डिसेंबर २०२२ मध्ये सरकारनं लोकसभेत सांगितलं की ती इतर योजनांशी जुळते, म्हणून २०२२-२३ पासून बंद. त्याच उत्तरात हेही होतं की २०१४-१५ ते २०२१-२२ दरम्यान ६,७२२ जणांची तिच्यासाठी निवड झाली. आठ वर्षांत साडेसहा हजारांहून अधिक संशोधक, ज्यांतले कित्येक जण घरातले पहिलेच पदवीधर असतील. हा रस्ता बंद करताना पर्यायी रस्ता दाखवला गेला नाही. आधी निवड झालेल्यांचे पैसेसुद्धा २०२५ मध्ये महिनोन्महिने थकल्याच्या बातम्या आल्या.

राज्याच्या पातळीवर ऑगस्ट २०२४ मध्ये मंत्रिमंडळानं ‘मार्टी’ म्हणजे अल्पसंख्याक संशोधन व प्रशिक्षण संस्थेला मंजुरी दिली, मुख्यालय छत्रपती संभाजीनगरला. बार्टी, सारथी, महाज्योती या संस्था आपापल्या समाजघटकांतल्या पीएचडी करणाऱ्यांना फेलोशिप देतात. मार्टीकडे आपली पहिली मागणी तीच असायला हवी. इमारत आणि अध्यक्ष यांची चर्चा नंतरही करता येईल. राज्याची अल्पसंख्याकांसाठी परदेशी शिष्यवृत्तीही आहे, पण तिथं क्यूएसच्या पहिल्या २०० मधल्या विद्यापीठात प्रवेश हवा. पुन्हा यादी आलीच!

काही लोक म्हणतील, मग या मोठ्या संस्थांचा नाद सोडून द्या. ते चुकीचं ठरेल. बारावीनंतरची जेईई हे आयआयटीचं एकमेव दार नाही. वसईच्या कॉलेजातून बीएस्सी झालेली मुलगी ‘जॅम’ परीक्षा देऊन आयआयटी मुंबईत एमएस्सीला जाऊ शकते. फॉर्म साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरायचे, परीक्षा फेब्रुवारीत. पुढे गेट किंवा नेट-जेआरएफवर पीएचडी. जेआरएफची रक्कम २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे, दोन वर्षांनंतर ४२,०००. म्हणजे संशोधन करणारं लेकरू घरावर ओझं होत नाही. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र बीएस्सीच्या मुलांसाठी शिबिरं घेतं. हे सगळं आपल्या किती पालकांना ठाऊक आहे?

कागदपत्रांचंही तसंच. धर्माच्या आधारावर आयआयटीत राखीव जागा नाहीत, पण केंद्राच्या ओबीसी यादीत असलेल्या मुस्लिम बिरादऱ्यांना नॉन-क्रिमिलेअर दाखल्यावर लाभ मिळतो आणि इतरांना आठ लाखांखालील उत्पन्नावर ईडब्ल्यूएसचा. राज्याचा दाखला वेगळा, केंद्राच्या नमुन्यातला वेगळा. ऐनवेळी धावपळ करून संधी घालवणारी मुलं आम्ही शिक्षक दरवर्षी बघतो.

शेवटी आपल्या जमातींना आणि अंजुमनांना एक विनंती. आपले गुणगौरव सोहळे दहावी-बारावीच्या टक्क्यांवर थांबतात, फार तर डॉक्टर-इंजिनिअरपर्यंत जातात. यंदा त्या मंचावर एक खुर्ची बीएस्सी-बीएच्या दुसऱ्या वर्षातल्या मुलांसाठी ठेवा, जॅम आणि नेटची फी आणि पुस्तकांचा खर्च उचला. आणि आमदार-खासदार मतं मागायला आले की रस्ता-गटार विचारतो, तसंच हेही विचारा: राज्य विद्यापीठांना संशोधनाचा पैसा कधी, आणि आमच्या मुलांची फेलोशिप कधी?