आधीपासून तेच आहे!

कुरकुंभला मामाकडे गेलो की मामेभावाच्या नोकरीचा विषय निघतोच. तो तिथल्या एमआयडीसीत एका लॅबच्या क्यूसीमध्ये आहे, मी आयटीवाला. दोघांनाही समोरच्याचं काम सोपं वाटतं :)

या रविवारी शिरूरहून न्हावरे-चौफुला मार्गे पोचलो, तर स्वारी वैतागलेली. ए, डी आणि ई जीवनसत्त्वं एचपीएलसीवर वेगळी करायची नवी मेथड बसवायचीय आणि ॲसिटोनायट्राईल महाग पडतंय. मी विचारलं, "मग तेच का?"

"दादा, आधीपासून तेच आहे."

हे वाक्य मी ऑफिसात रोज ऐकतो. जुन्या कोडमधली एखादी ओळ का आहे हे कुणालाच माहीत नसतं, पण हात लावायची हिंमत नसते. म्हणून म्हटलं, जरा खोदूया.

ॲसिटोनायट्राईलचे नावाजलेले गुण दोन. एक, ते साधारण १९० नॅनोमीटरपर्यंत यूव्ही प्रकाश अडवत नाही. मेथॅनॉल २०५ च्या खाली अडवतं. दोन, पाण्यात मिसळल्यावर ते पातळ राहतं, मेथॅनॉल-पाण्याचं मिश्रण मात्र दाट होऊन पंपावर दाब वाढतो.

आता आपलं काम बघा. ए जीवनसत्त्व मोजतात ३२५ नॅनोमीटरला, डी २६५ ला, ई २९२ च्या आसपास. तिथे मेथॅनॉल अगदी स्वच्छ. आणि ही जीवनसत्त्वं तेलकट असल्यामुळे सी-१८ कॉलमला इतकी चिकटतात की मोबाईल फेजमध्ये पाणी जवळपास नसतंच. म्हणजे दाबाचाही प्रश्न मिटला. ज्या दोन गुणांसाठी जास्त पैसे मोजायचे, त्यांचा इथे उपयोगच नाही!

शिवाय ॲसिटोनायट्राईल हे ॲक्रिलोनायट्राईल बनवताना निघणारं जोडउत्पादन. २००८ च्या मंदीत गाड्या खपेनात, प्लॅस्टिकची मागणी घटली, आणि जगभरच्या लॅबमध्ये याचा तुटवडा पडला. आमच्या भाषेत, दुसऱ्याच्या सर्व्हरवर विसंबलेला प्रोग्राम.

मेथॅनॉल हेही विषच, हे मान्य. काही जोड्या ॲसिटोनायट्राईलनेच नीट सुटतात, हेही मान्य. ई जीवनसत्त्वाचे बीटा आणि गॅमा हे प्रकार तर साध्या सी-१८ वर सुटतच नाहीत. तिथे सिलिका कॉलम आणि हेक्झेन लागतं. पण एन-हेक्झेन नसांना इजा करतं, म्हणून आधी हेप्टेन लावून बघावं. आणि व्हॅलिडेट झालेली मेथड एका रात्रीत बदलता येत नाही, हेही मला कळतं. पण नवी मेथड लिहिताना तरी कॉपी-पेस्ट नको.

कारण बाटली रिकामी झाली म्हणून गोष्ट संपत नाही. वापरलेलं सॉल्व्हंट घातक कचरा ठरतं. असा कचरा हाताळणारं सामायिक केंद्र आमच्या शिरूर तालुक्यात, रांजणगावला आहे. दौंडच्या लॅबने काय निवडलं, याच्याशी शिरूरकरांचाही संबंध आहे तो असा.

असो. निघताना भाऊ म्हणाला, "उद्या मेथॅनॉलवर एक रन लावून बघतो."

मीही सोमवारी ती जुनी ओळ काढून बघणार आहे.