विश्लेषण : प्रदर्शनातून दुर्मीळ तिकिटं-नाणी चोरीला कशी जातात? कुलपापेक्षा फोटो जास्त कामाचा का?

नोव्हेंबर 2023 मध्ये अमेरिकेत एक टपाल तिकीट लिलावात 20 लाख डॉलरहून जास्त किमतीला विकलं गेलं. त्याचं नाव 'इन्व्हर्टेड जेनी'. 1918 सालच्या या 24 सेंटच्या तिकिटावर विमान चुकून उलटं छापलं गेलं आणि अशी 100 तिकिटांची एकच शीट लोकांच्या हाती लागली.

यातल्या चार जोडतिकिटांचा एक ब्लॉक एथेल मॅकॉय या संग्राहक महिलेकडे होता. सप्टेंबर 1955 मध्ये व्हर्जिनियातल्या नॉरफोक इथे अमेरिकन फिलाटेलिक सोसायटीच्या अधिवेशनात तो मांडला होता. तिथूनच तो चोरीला गेला.

मग सापडला का?

तुकड्यातुकड्यांनी. चोराने ब्लॉक फोडून तिकिटं सुटी केली. एक 1977 मध्ये हाती आलं, दुसरं 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला, तर तिसरं थेट 2016 मध्ये, न्यूयॉर्कच्या एका लिलावगृहात विक्रीसाठी आल्यावर. चौथ्याचा पत्ता नाही. तोवर मॅकॉय हयात नव्हत्या. आपला हक्क त्या आधीच अमेरिकन फिलाटेलिक रिसर्च लायब्ररीला देऊन गेल्या होत्या.

साठ वर्षांनीही तिकीट ओळखता आलं ते नोंदींमुळे. शीट फोडण्याआधी प्रत्येक तिकिटामागे पेन्सिलने क्रमांक टाकला होता. त्यामुळे मॅकॉय यांच्या ब्लॉकमध्ये नेमकी कोणती चार तिकिटं होती, हे माहीत होतं. 2016 मध्ये सापडलेलं तिकीट 76 व्या क्रमांकाचं निघालं.

आपल्याकडच्या प्रदर्शनांत धोका कुठे?

डाक विभागाच्या 'महापेक्स'सारख्या प्रदर्शनात तिकिटं पारदर्शक आवरणाच्या फ्रेममध्ये असतात, पाळत असते. नाणी-नोटांच्या मेळाव्यात मात्र माल टेबलावर उघडा असतो, आणि तो गिऱ्हाइकाच्या हातात द्यावाच लागतो. एक जण चार अल्बम काढायला लावतो, भाव विचारत राहतो, तेवढ्यात दुसरा हात मारतो. ही युक्ती जुनीच, पण शेजारच्या टेबलाला 'जरा लक्ष ठेवा' सांगून चहाला जाणारे आजही कमी नाहीत.

गर्दीच्या वेळेपेक्षा मांडामांड आणि आवराआवर जास्त धोक्याची. दारं सताड उघडी, खोकी इकडून तिकडे, कोण कुणाचा मदतनीस हे कुणालाच ठाऊक नाही. त्यामुळे मदतनिसांनाही ओळखपत्र, शेवटचं खोकं बाहेर जाईपर्यंत दारावर माणूस आणि एका वेळी गिऱ्हाइकाच्या हाती एकच वस्तू, एवढं आयोजकांनी आणि विक्रेत्यांनी पाळलं तरी बराच फरक पडेल. परतीच्या वाटेवर संग्रह गाडीत ठेवून जेवायला उतरणं हा निव्वळ जुगार. आणि 'उद्या सगळं कलेक्शन घेऊन पुण्याला निघतोय' अशी पोस्ट कशाला? परत आल्यावर टाकावी.

फोटोने काय साधतं?

'शिवराई गेली' एवढ्या तक्रारीवरून पोलीस शोधणार काय? तशी नाणी हजारो आहेत. पण दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो, वजन, कडेवरची खोच, गंजाचा डाग यांची नोंद असेल तर तेच नाणं ओळखता येतं. तिकिटाचा शिक्का आणि छिद्रांची कड बघावी. नोटेचं काम सोपं, तिच्यावर क्रमांकच असतो. चोरी लक्षात येताच फोटो विक्रेत्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला, तर माल खपवणं अवघड होतं. खरेदीची पावतीही जपावी. विम्याचं म्हणाल, तर नेहमीच्या गृहविम्यात नाणी-तिकिटं वेगळी नमूद केल्याशिवाय बहुधा धरली जात नाहीत.

स्वस्तात मिळालं म्हणून घेतलं तर?

चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसं मानायला सबळ कारण असूनही अप्रामाणिकपणे घेतला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 नुसार तो गुन्हा आहे. अजाणतेपणी घेतला तरी चोराकडून आलेल्या वस्तूची मालकी सहसा मिळत नाही. मूळ मालक पुराव्यानिशी आला, तर वस्तू जाते आणि दिलेले पैसे विकणाऱ्याकडून वसूल करण्याची खटपट घेणाऱ्याच्या गळ्यात पडते.