आगीची कबुली आणि पुराव्याची कसोटी

आग लावल्याची कबुली आणि आग लागल्याचे कारण या दोन वेगळ्या बाबी आहेत. पहिली माणसाच्या तोंडून येते, दुसरी जळालेल्या जागेवरून ठरते. फौजदारी तपासात पहिली हाती आली की दुसरीचा शोध थांबतो आणि चुकीच्या शिक्षेचा पाया तिथेच घातला जातो. आरोपी मानसिकदृष्ट्या अस्थिर असेल तर हा धोका आणखी वाढतो.

या धोक्याचे ठळक उदाहरण इंग्लंडमधील हल शहरातले आहे. डिसेंबर 1979 मध्ये तिथे एका घराला लागलेल्या आगीत तीन भाऊ दगावले. पुढच्या वर्षी पोलिसांनी ब्रूस ली (मूळ नाव पीटर डिन्सडेल) या तरुणाला ताब्यात घेतले. त्याला अपस्मार होता, हातापायात व्यंग होते आणि त्याचे बालपण बालगृहांत गेले होते. चौकशीत तो एकामागून एक आगी कबूल करत गेला. त्यांतल्या अनेक आगी पूर्वी अपघाती ठरल्या होत्या. 1981 मध्ये त्याने 26 मृत्यूंबाबत गुन्हा मान्य केला आणि त्याची रवानगी बेमुदत मनोरुग्णालयात झाली. मात्र यांपैकी 11 मृत्यू एका वृद्धाश्रमातले होते आणि ती आग नळकारागिराच्या ब्लोलॅम्पमुळे लागल्याचा निष्कर्ष आधीच्या चौकशीत निघाला होता. 1983 मध्ये अपील न्यायालयाने या 11 मृत्यूंची दोषसिद्धी रद्द केली. इतर कबुल्यांबद्दलचा वाद त्यानंतरही मिटला नाही.

भारतीय कायद्याने या धोक्याविरुद्ध बांध घातलेला आहे. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 22 नुसार धमकी, जबरदस्ती, प्रलोभन किंवा आश्वासन देऊन मिळवलेली कबुली ग्राह्य नाही. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली कलम 23 नुसार आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही. अपवाद एकच आहे: आरोपीने कोठडीत दिलेल्या माहितीमुळे एखादी गोष्ट उघड झाली, तर माहितीचा तेवढाच भाग पुराव्यात येतो. जुन्या कायद्यातील कलम 27 ते हेच. त्याची मर्यादा प्रिव्ही कौन्सिलने 1946 मध्ये पुलुकुरी कोट्टय्या खटल्यात आखून दिली.

सातारा जिल्ह्यातील वाईच्या प्रकरणात या अपवादाचे महत्त्व दिसते. अंगणवाडी सेविकांच्या संघटनेच्या एक नेत्या 2016 मध्ये बेपत्ता झाल्या. त्या तपासात संतोष पोळ याला अटक झाली आणि त्याने सहा खुनांची कबुली दिल्याचे पोलिसांनी जाहीर केले. वर्तमानपत्रांत मथळे झाले ते कबुलीचे. न्यायालयात वजन असते ते धोम परिसरातील शेतघराच्या आवारातून निघालेल्या मानवी अवशेषांना, त्यांच्या ओळखीला आणि माफीच्या साक्षीदाराच्या कसोटीला उतरलेल्या जबानीला. यात प्रत्येक खून स्वतंत्रपणे सिद्ध करावा लागतो. एका खुनाचा पुरावा दुसऱ्याला पुरत नाही.

आगीच्या गुन्ह्यात असा आधार क्वचितच मिळतो. आरोपीने काढून दिलेला रॉकेलचा कॅन किंवा काडेपेटी घरोघरी सापडते. आग कुठे लागली, कधी लागली, किती जण दगावले, हे गावाला आणि पोलिसांना आधीच ठाऊक असते. आरोपीने तेच सांगितले तर त्यातून नवे काही उघड होत नाही. सातारा-सांगली पट्ट्यात उसाचे फड, कडब्याच्या गंज्या आणि गोठे पेटतात. डोंगरावर वणवे लागतात. वीजवाहिन्यांच्या ठिणग्या, पेटवलेले पाचट, विझवायची राहिलेली विडी आणि भावकीतले वैर ही सगळीच कारणे संभवतात. अशा वेळी गावातल्या एखाद्या मनोरुग्णाने मान हलवली म्हणून उरलेली कारणे तपासातून वगळणे हा अन्याय आहे.

माणूस न केलेला गुन्हा कबूल का करतो, याचा मानसशास्त्राने बराच अभ्यास केला आहे. कुणी प्रसिद्धीच्या किंवा महत्त्वाच्या ओढीने आपणहून कबुली देतो, कुणी चौकशीतून सुटका व्हावी म्हणून देतो, तर कुणाला वारंवारच्या प्रश्नांमुळे आपणच ते केले असे खरोखर वाटू लागते. स्वीडनमध्ये स्तुरे बेर्गवाल याला कबुलीच्या जोरावर आठ खुनांत दोषी ठरवले गेले. पुढे त्याने कबुल्या मागे घेतल्या आणि 2013 पर्यंत आठही दोषसिद्धी कोसळल्या.

दबावाचे टोक कुठे असते, हे सांगलीने पाहिले आहे. नोव्हेंबर 2017 मध्ये लूटमारीच्या गुन्ह्यात पकडलेल्या अनिकेत कोथळे याचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला. मारहाणीतून हा मृत्यू झाल्याचा आणि मृतदेह आंबोलीत नेऊन जाळल्याचा आरोप पोलिसांवरच आला. तपास राज्य गुन्हे अन्वेषण विभागाकडे गेला. कबुलीवर उभ्या राहिलेल्या तपासपद्धतीत कोठडीतल्या माणसाच्या जिवाला धोका असतो आणि खटल्यातले सत्यही धोक्यात येते.

म्हणून कामाचा क्रम ठरलेला असावा. आगीचे उगमस्थान आणि कारण आरोपीच्या जबाबाआधी नोंदवावे. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 176 मध्ये आहे. ती कागदावर राहू नये. राख आणि अवशेषांचे नमुने हवाबंद डब्यात प्रयोगशाळेकडे जावेत, कारण ज्वलनशील द्रव उडून जातात. शवविच्छेदनात श्वासनलिकेतील काजळी आणि रक्तातील कार्बन मोनॉक्साइड तपासावे. आग लागली तेव्हा व्यक्ती जिवंत होती का, हे त्यावरून कळते. आरोपी अस्थिर वाटल्यास मानसोपचारतज्ज्ञाची तपासणी कबुलीच्या आधी व्हावी. याच संहितेच्या कलम 183 खाली जबाब नोंदवणाऱ्या दंडाधिकाऱ्यांनी ऐच्छिकतेचे प्रश्न छापील नमुन्यापुरते उरकू नयेत. बचावाच्या वकिलांनी प्रत्येक आगीचा मूळ अहवाल मागून तो कबुलीशी ताडून पाहावा.

कबुली म्हणजे तपासाची सुरुवात. ती शेवट मानली की निरपराध तुरुंगात जातो, खरा आग लावणारा मोकळा राहतो आणि मृतांच्या नातेवाइकांना खरे कारण कधीच कळत नाही. तपास अधिकारी, सरकारी वकील, बचावाचे वकील आणि न्यायाधीश या चौघांनीही प्रत्येक घटनेचा स्वतंत्र पुरावा मागण्याचा आग्रह सोडू नये.